कापसाच्या रांगेत तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

आमची गाडी १ लिटर टर्बो पेट्रोल, ७ गिअरची ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, म्हणजे दोन क्लच आपोआप चालवून गिअर बदलणारी. हायवेला लोण्यासारखी. पण दिवाळीनंतर जिनिंग मिलसमोर कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली की धक्के, जळका वास आणि शेवटी डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा.

मेकॅनिक म्हणाला, ऑइल बदला. अहो, यातले क्लच कोरडे, हवेवरच थंड होतात. ऑइल काय करणार? गोम वेगळीच. साधारण १५०० आरपीएमखाली (इंजिनचे मिनिटाला फेरे) इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचा जोर नसतो, इंजिन तीनच सिलिंडरचं, त्यामुळे मुंगीच्या चालीत क्लच अर्धवट घसरत गाडी ओढतो. घसरला की तापतो.

आता मी रांगेत इंच-इंच सरकत नाही. ब्रेक पूर्ण दाबून थांबतो, तेव्हा क्लच सुटलेला राहतो. पुढं दोन गाड्यांची जागा झाली की सरळ निघतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही, हँडब्रेक ओढतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाटात मॅन्युअल मोड, दुसरा गिअर, इंजिन दोन हजाराच्या वर. तेव्हापासून इशारा आलेला नाही.

भाऊजींनी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे असल्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी ऑटोमॅटिक घेतली. तिला रांगेचं काही वाटत नाही, पेट्रोल मात्र जरा जास्त पिते.