स्वस्तातली एअर रायफल घेताय? या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं आणि आमच्या आठवीतल्या मुलीने नेमबाजीचा हट्ट धरला. स्पर्धेची रायफल लाखाच्या वर जाते. घोडबंदर रोडवरच्या घराचा हप्ता भरणाऱ्या आमच्यासारख्यांना ती पहिल्याच वर्षी परवडणारी नव्हती. म्हणून मी साडेसात हजारांची, नळी सांध्यात खाली वाकवून भरायची स्प्रिंगवाली रायफल ऑनलाइन मागवली. पुढचे पाच महिने ती रायफल आणि ती बनवणाऱ्या कंपनीची ग्राहक सेवा यांच्यातच गेले. क्लबमधल्या इतर पालकांशी बोलले तर ठाण्यातले काय, ऐरोली-वाशीचे काय, सगळे त्याच त्याच ठिकाणी अडकलेले. यातलं बरंचसं आधी कळलं असतं तर टळलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीतल्या वेगाला भुलणं

‘१२०० फूट प्रति सेकंद, लायसन्सची गरज नाही’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा आणि गणित करा. आपल्याकडे लायसन्सशिवाय चालणाऱ्या एअर रायफलला दोन मर्यादा आहेत: नळीचा व्यास ४.५ मिलीमीटरपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत. नेहमीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. तो १२०० फुटांच्या वेगाने सुटला तर ऊर्जा ३५ ज्यूलच्या आसपास जाते. म्हणजे एकतर आकडा खोटा, नाहीतर ती रायफल लायसन्सशिवाय तुमच्या घरात असूच शकत नाही. २० ज्यूलची मर्यादा पाळायची तर त्याच छऱ्याचा वेग ९०० फुटांच्या आसपासच थांबतो. काही कंपन्या अगदी हलका छर्रा वापरून आकडा फुगवतात.

दहा मीटरवर कागदाच्या टार्गेटला एवढा वेग लागतही नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका. तिथे वेगापेक्षा प्रत्येक छर्रा सारखा जाणं महत्त्वाचं, आणि स्वस्त रायफलीत नेमकं तेच कमी पडतं. घेताना ‘ग्रुप किती येतो’ हे विचारा, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या पाच छऱ्यांची भोकं किती पसरतात ते. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर त्याने ती रायफल कधी मारून पाहिलेली नाही.

खोका घाईने फोडणं

मुलगी शेजारी उड्या मारत होती, मी सुरीने टेप कापली आणि पंधरा मिनिटांत थर्माकोल कचऱ्यात गेला. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा पुढचा काटा, डावीकडे कललेली आहे हे तिसऱ्या दिवशी रेंजवर सरांनी दाखवलं. कंपनीचा पहिला प्रश्न होता, ‘पडली होती का?’ पडली नव्हती, पण हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. पार्सलवरचं लेबल, खोक्यावरचा नंबर, रायफलीवर कोरलेला नंबर आणि बिलावरचा नंबर हे चारही त्यात दिसले पाहिजेत. आमच्या क्लबमधल्या एका मुलाच्या बिलावर वेगळाच नंबर होता आणि वॉरंटी तेवढ्यावरच अडली. दुकानातून घेत असाल तर वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. ओळखपत्राची प्रत मागतील, ती द्या. बिल घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर असू द्या. खोका आणि आतलं पॅकिंग निदान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा, कारण परत पाठवायची वेळ आली तर ती लांबलचक वस्तू दुसऱ्या कशात मावत नाही.

वॉरंटीचा कागद त्याच दिवशी वाचा. स्प्रिंग, हवा अडवणारं सील, नेम धरायची साइट हे ‘झिजणारे भाग’ म्हणून बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि स्वस्त रायफलीत सगळ्यात आधी बिघडतात ते हेच.

दोष कुठला हे न तपासता कंपनीला फोन लावणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. दहा मीटरवर मुलीचा ग्रुप तळहाताएवढा यायचा. मी पहिल्याच आठवड्यात कंपनीला सांगितलं की नळी वाकडी आहे. नळी सरळ होती. दोष बऱ्याच ठिकाणी वाटलेला होता आणि त्यातले दोनच कंपनीचे होते. खोटी तक्रार एकदा नोंदली गेली की खरी तक्रारही कोणी मनावर घेत नाही. म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्या.

पहिला नंबर स्क्रूंचा. स्प्रिंगवाल्या रायफलीचा धक्का विचित्र असतो. स्प्रिंग सुटून आतला पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल आधी मागे येते आणि पिस्टन टोकाला पोचला की पुढे झटका बसतो. छर्रा तोवर नळीतच असतो. या दुहेरी धक्क्याने दस्त्याचे स्क्रू शंभर-दीडशे छऱ्यांत ढिले होतात. नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आवळा, जोर लावून लाकूड चिरू नका. आमचा निम्मा ग्रुप इथेच सुधारला.

दुसरा नंबर पकडीचा. अशी रायफल घट्ट आवळून किंवा टेबलावर टेकवून मारली तर छर्रे भरकटणारच. ऐरोलीच्या एका काकांनी मुलाची रायफल सुताराच्या शिकंजात धरून ‘टेस्ट’ केली आणि तोच कागद कंपनीला पुरावा म्हणून पाठवला. कंपनीने नाकारला, आणि त्यात कंपनीची चूक नव्हती. मऊ पिशवीवर डावा हात, हातावर रायफल, पकड सैल आणि दर वेळी सारखी, अशा पद्धतीने मारून बघा. ती दर वेळी सारखीच मागे सरकली पाहिजे.

तिसरा नंबर छऱ्यांचा. स्वस्त डब्यातल्या छऱ्यांचा मागचा घागरा चेपलेला असतो, तो अंगठ्याने चाचपडला तरी कळतं. कागदी टार्गेटसाठी चपट्या डोक्याचे घ्या, तीन वेगवेगळ्या डब्यांतले प्रत्येकी पाच मारा, प्रत्येक कागदावर तारीख आणि छऱ्याचं नाव लिहा. एकच नळी एका छऱ्याने फुलीएवढा ग्रुप देते आणि दुसऱ्याने विस्कटते, हे डोळ्यांनी पाहीपर्यंत मला पटलं नव्हतं. नवी नळी कारखान्यातल्या तेलासकट येते. सुरुवातीचे काही छर्रे धुरकट जातात आणि ग्रुप बसायला दोनेकशे छर्रे लागतात, तेवढा धीर धरा.

हे सगळं झाल्यावर मग रायफलीचे दोष बघा. नळी बंद करून दस्ता एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर नेम टिकणारच नाही. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि रेंजवर एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर तिथलं सील हवा सोडतं आहे. आमची पट्टी दर वेळी उडाली. माशीचा तिरपेपणा तर फोटोतही दिसत होता. या दोन गोष्टी कंपनीच्या, आणि त्या दाखवल्यावर कंपनीला वाद घालता आला नाही.

दुर्बीण लावायची घाई करू नका. साधी स्वस्त दुर्बीण या दुहेरी धक्क्याने महिन्याभरात आतून निखळते, मग तिचा दोष रायफलीच्या माथी जातो.

घरी तेल आणि हत्यारं

मुलीच्या बाबांनी प्रेमाने शिलाई मशिनचं तेल छऱ्याच्या भोकातून आत सोडलं. पुढचा आवाज फटाक्यासारखा आला, जळका वास आला आणि नळीतून धूर निघाला. पिस्टनपुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की साधं तेल पेट घेतं. एखाद्या वेळी रायफल जास्त ‘जोरात’ वाटते, पण सील भाजतं आणि स्प्रिंग तुटते. त्या भागाला सिलिकॉन तेलच चालतं, तेही कंपनीने सांगितलं असेल तरच, थेंबभर. बिजागरीला आणि बाहेरच्या लोखंडाला साधं तेल चालेल.

छर्रा न घालता घोडा दाबणं हेही तसंच. पुढे छऱ्याचा अडसर नसला की हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन सरळ टोकाला आदळतो. पाहुणे आले की ‘बघू, कशी चालते’ म्हणून मुलं हेच करतात. रायफल कुलपात ठेवा.

वॉरंटी असेपर्यंत ती उघडू तर नकाच. आतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, शिकंजाशिवाय सोडली तर तोंडावर येते. शिवाय उघडल्याच्या खुणा दिसल्या की कंपनी हात वर करते. वाशीच्या एका पालकांनी यूट्यूब बघून ट्रिगर हलका केला. त्यांची तक्रार तिथेच संपली.

सगळं फोनवर बोलणं

स्वस्त रायफल बनवणाऱ्यांचं ठाणे-नवी मुंबईत सर्व्हिस सेंटर नसतंच म्हणा. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोला, कंपनी म्हणते दुकानदाराकडे द्या. मी दीड महिना फोन केले. फोनवर माणसं गोड बोलायची, ‘मॅडम, उद्या सांगतो,’ आणि उद्या दुसराच माणूस असायचा. माझ्याकडे एकही तारीख लिहिलेली नव्हती.

काम पुढे सरकलं ते ईमेलने. एकाच ईमेलमध्ये बिल, नंबरचा फोटो, तिरप्या माशीचा फोटो, टिश्यूच्या पट्टीचा व्हिडिओ, तीन छऱ्यांचे कागद, आणि शेवटी स्पष्ट मागणी: पंधरा दिवसांत दुरुस्ती किंवा बदली. ‘काहीतरी करा’ असं लिहू नका, काय हवं ते लिहा. ऑनलाइन घेतली असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची असते.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्याही पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मोठी सोय केली आहे: कंपनी देशात कुठेही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून ती न उघडलेली असणं तिथेही तुमच्याच उपयोगाचं. मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. १९१५ वर तक्रार नोंदवली आणि नवव्या दिवशी कंपनीचा बदलीचा ईमेल आला.

परत पाठवताना दोन कुरिअरवाल्यांनी वस्तू काय आहे ते ऐकून पार्सल नाकारलं. तिसऱ्याने ‘क्रीडासाहित्य लिहा, चालेल’ असं सुचवलं. ते करू नका. वाटेत खोका उघडला गेला तर खोटी नोंद तुमच्या नावावर असते. नेण्याची व्यवस्था कंपनीनेच करावी असं लेखी मागा. आम्ही तेच केलं.

सेफ्टीच्या दोषाला ‘चालतंय’ म्हणणं

ग्रुप मोठा येतो, रंग उडतो, दस्त्याची फिनिशिंग खडबडीत आहे, यावर किंमत बघून तडजोड करता येते. ट्रिगर आणि सेफ्टीवर नाही. सेफ्टी लावलेली असताना घोडा दाबला जातो, नळी बंद करतानाच रायफल सुटते, किंवा स्प्रिंग चढवल्यावर नळी हातातून निसटून उसळते, यातलं एकदाही घडलं तर त्या क्षणी वापर बंद. पुन्हा करून बघण्याचाही मोह नको. छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट असलाच पाहिजे. ती उसळली तर बोटं तुटू शकतात, आणि हे मुलांना रोज सांगावं लागतं.

सोसायटीच्या गच्चीवर तर मारूच नका. छर्रा शंभर मीटरच्या पुढेही जातो आणि आपल्याकडे शंभर मीटरमध्ये तीन इमारती येतात. येऊरच्या रानात किंवा ऐरोलीच्या खाडीकाठी पक्ष्यांवर नेम धरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. एक राष्ट्रीय उद्यान आहे, दुसरं फ्लेमिंगोंचं अभयारण्य. रेंजवरच जा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा मुलांचे हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊचा डबा उघडू देऊ नका.

पावसाळा

खाडीकाठच्या हवेत जूनपासून लोखंड चार दिवसांत तांबूस होतं. फोमच्या बॅगेत ठेवू नका, फोम ओल धरतो. कोरड्या फडक्याने पुसून, बाहेरून तेलाचा पुसट हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवा. गंज वॉरंटीत येत नाही.

बदलून आलेल्या रायफलीची माशी सरळ आहे, टिश्यूची पट्टी हलत नाही. पिशवीवर हात ठेवून मुलगी दहा मीटरवर पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकते. प्रत्येक कागदावर ती तारीख, छऱ्याचं नाव आणि एकूण किती छर्रे झाले ते लिहून फाइलला लावते. वॉरंटीचे अजून चार महिने बाकी आहेत.