हवा मोठी, जमीन मोठी की समुद्र? वातावरणशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी

भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी. करून पुण्यात वातावरणशास्त्र शिकायला येणारी बरीच मुलं पहिल्याच महिन्यात संगणकावरच्या मॉडेलांच्या मागे लागतात. शिवाजीनगरची वेधशाळा, पाषाणची उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, विद्यापीठातला विभाग, सगळं जवळ असल्यामुळे घाई होणं साहजिक आहे. तरी माझं सांगणं असं, की आधी वही-पेन घ्या आणि हवा, जमीन, समुद्र यांची मापं स्वतः काढा. मला या विषयाची गोडी तिथेच लागली.

हवेचं वजन काढायला फक्त दाब पुरतो. समुद्रसपाटीला तो साधारण १,०१३ हेक्टोपास्कल (एक हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल) असतो. त्याला गुरुत्वत्वरणाने भागलं, की दर चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा निघते. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. गुणाकार करा, उत्तर ५ वर १८ शून्यं, इतके किलो. माणसाने कधी न तोललेली वस्तू आपण घरबसल्या तोलली, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

मोबाइलमध्ये दाबमापक असेल तर हे सिंहगडावर पडताळून पाहा. शहरात, ५६० मीटर उंचीवर, ९५० च्या आसपास आकडा दिसेल आणि गडावर साधारण ८७०. म्हणजे चढताना दर चौरस मीटरमागे जवळजवळ ८०० किलो हवा तुम्ही खाली ठेवून आलात. (हवामान नकाशांवरचे आकडे समुद्रसपाटीला आणलेले असतात, त्यांच्याशी तुलना करू नका.)

समुद्राचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटर, सरासरी खोली ३,७०० मीटर. घनफळ १३३ कोटी घन किलोमीटर. वजनात तो हवेच्या सुमारे २७० पट भरतो. जमीन १५ कोटी चौरस किलोमीटर आणि तिची सरासरी उंची जेमतेम ८४० मीटर, त्यामुळे पाण्यावर डोकावणाऱ्या भूभागाचं घनफळ समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. टेबलावरच्या ३० सेंटिमीटरच्या पृथ्वीगोलावर हा अथाह समुद्र वहीच्या एका कागदाइतक्या जाडीचा होईल.

आता गंमत बघा. सगळी हवा समुद्रसपाटीच्या घनतेला दाबून बसवली तर तिचा थर साधारण साडेआठ किलोमीटरचा होतो आणि घनफळ समुद्राच्या तिप्पट भरतं. मग मोठं कोण? घनफळात हवा, वजनात समुद्र. मुलाखतीत ‘वातावरण केवढं आहे?’ असं विचारलं तर आधी विचारा: कशात मोजायचं? हवेला वरची कड नाही, १०० किलोमीटरची रेषा आपण सोयीसाठी ओढलेली. निम्मी हवा तर साडेपाच किलोमीटरच्या खालीच असते.

माझ्या मते खरं माप उष्णतेचं, आणि वेळ द्यायचा तर इथेच द्या. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक किलो एक अंश तापवायला लागणारी उष्णता, हवेच्या चौपटीहून थोडी जास्त. १० टन हवेचा अख्खा स्तंभ एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीच अडीच मीटर खोल पाण्याला पुरते. एकूण समुद्राची उष्णता साठवण्याची क्षमता वातावरणाच्या हजारपट. तापमानवाढीतल्या जादा उष्णतेचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा समुद्रात का जातो, हे त्या अडीच मीटरवरून लक्षात येतं. ते कळल्यावर मॉडेल उघडा, म्हणजे समुद्राचा भाग चालवायला एवढा वेळ का लागतो, असा प्रश्न पडणार नाही.

पुढचा हिशेब तुमच्यावर सोडतो. जगभरच्या हवेतली सगळी वाफ एकाच वेळी पडली तर साऱ्या पृथ्वीवर, जमीन आणि समुद्र धरून, सरासरी २५ मिलिमीटर पाणी साचेल. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग अरबी समुद्रावरची वाफ किती वेळा भरून यावी लागेल, आणि घाटात त्यातली किती आधीच उतरते, ते मांडून बघा.