भूत किती अंतरावर ठेवायचं?

गॉथिक भयकथा, म्हणजे जुन्या, एकाकी घरात घडणारी भीतीची गोष्ट, लिहायला बसताना भुताआधी एक गोष्ट ठरवा: तुमचं पात्र ते घर सोडून का जात नाही? कारण लंगडं असेल तर वाचक मनात म्हणतो, "अगं, मग नीघ ना तिथून!" आणि त्यानंतर त्याला काहीच भिववत नाही. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मध्ये (१८९८) हा बंदोबस्त सुरुवातीलाच होतो. मुलांच्या काकांची अट असते की काहीही झालं तरी गव्हर्नेसने (मुलांना घरी राहून सांभाळणाऱ्या शिक्षिकेने) आपल्याला त्रास द्यायचा नाही, पत्रसुद्धा लिहायचं नाही. मदतीची वाट तिथेच बंद होते.

मग कागदावर घराचा नकाशा काढा आणि भूत दिसण्याच्या तीन-चार जागा लांबून जवळ अशा क्रमाने ठरवा. जेम्सच्या कथेतलं एक भूत म्हणजे क्विंट. तो आधी दिसतो उंच बुरुजावर. नंतर जेवणघराच्या खिडकीबाहेर, मध्ये फक्त काच. पुढे पहाटे जिन्यात, आणि मध्ये काहीच नाही. हा क्रम उलटा केला तर पुढची प्रत्येक भेट आधीच्या भेटीपेक्षा फिकी पडते.

खिडकीचा प्रसंग शिकण्यासारखा आहे. रविवारची पावसाळी संध्याकाळ. गव्हर्नेस विसरलेले हातमोजे घ्यायला आत येते, इतकं साधं निमित्त. काचेपलीकडे तो. पण त्याची नजर तिच्यावरून इतरत्र सरकते आणि तिला कळतं, हा दुसऱ्याच कुणासाठी आलाय. भीतीला आता दिशा मिळते. ती बाहेर धावते, तिथे कुणी नसतं. ती नेमकी त्याच्या जागी उभी राहून आत पाहते आणि खोलीत आलेल्या मिसेस ग्रोस, म्हणजे घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाई, तिला बघून पांढऱ्याफटक पडतात. भूत निघून गेलं तरी त्याची जागा घाबरवत राहते.

त्याचं सविस्तर वर्णन येतं ते यानंतरच्या संभाषणात: डोक्यावर टोपी नाही, केस लालभडक. मिसेस ग्रोस त्याला ओळखतात आणि तो मेल्याचं सांगतात. तुम्हीही दर्शनाच्या क्षणी दोन-तीन वाक्यांवर थांबा आणि एखादीच ठळक खूण द्या. बाकीचं नंतर कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या.

आवाजाच्या बाबतीत करकरणारी दारं आणि किंकाळ्या टाळा, त्या वाचकाला पाठ आहेत. घड्याळाची टिकटिक किंवा पंपाचा आवाज आधी दोनदा सहज ऐकवा, मग ऐन वेळी बंद करा. बुरुजाच्या प्रसंगात कावळ्यांची कावकाव थांबते, संध्याकाळचा उजेड मात्र तसाच सोनेरी राहतो. म्हणूनच तो प्रसंग अंधाराशिवाय जमतो.

तीन हजार शब्दांच्या गोष्टीत पहिले पाच-सहाशे शब्द रोजच्या कामांना द्या. दोन दर्शनांच्या मध्ये एखादा निवांत दिवसही हवा, नाहीतर वाचक बधिर होतो. पुनर्लेखनात 'भयाण', 'भीषण', 'अंगावर काटा' हे शब्द शोधून काढून टाका. काढल्यावर प्रसंग पोकळ वाटला तर दोष शब्दांत नसतो. नकाशाकडे परत जा आणि अंतर तपासा.