मुलांच्या मज्जारज्जूतला ट्यूमर: कमरेचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून थांबू नका, आणि बाकीच्या चुका

मी लहान मुलांची न्यूरोसर्जरी करतो. मज्जारज्जूतले ट्यूमर मुलांमधे दुर्मिळच, मेंदूतल्यांपेक्षा कितीतरी कमी, एखादा फॅमिली डॉक्टर सगळी प्रॅक्टिस करून निवृत्त होईल आणि त्याला एकही दिसणार नाही. पण माझ्याकडे जी मुलं येतात त्यातली बरीचशी काही महिने, कधीकधी वर्ष-दोन वर्षं फिरून येतात आणि फिरण्याची कारणं दरवेळी तीच असतात, म्हणून आज बसून लिहितोय. पीजी करणाऱ्यांनी वाचा, गावाकडच्या डॉक्टरांनी वाचा, आईवडिलांनीही वाचा.

सगळ्यात मोठी चूक, जी बघून मला खरंच त्रास होतो: पायाची तक्रार आहे ना, मग कमरेचा एमआरआय काढा. नऊ वर्षांचा एक मुलगा आला होता. आई म्हणाली, डॉक्टर, याच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि याला कळतच नाही, तसाच पुढं जातो. त्याआधी चार-पाच महिने पाठ दुखायची, रात्री उठून बसायचा, बसलं की बरं वाटायचं. आजी म्हणाली वाढीचं दुखणं आहे, तेल लावलं. मग पोट घट्ट व्हायला लागलं तर जंताचं औषध झालं, पोट साफ होण्याचं औषध झालं, शाळेत पळताना पडायला लागला तर चष्म्याचा नंबर तपासून झाला. शेवटी एकानं एमआरआय सांगितला, कमरेचा, आणि तो नॉर्मल आला. त्या नॉर्मल रिपोर्टमुळं घरच्यांना इतकं हायसं वाटलं की पुढं आणखी पाच महिने गेले.

आता हे नीट समजून घ्या. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. कमरेच्या एमआरआयमधे त्याचं फक्त शेपूट येतं, मानेतला आणि छातीमागचा सगळा भाग फिल्मच्या बाहेर राहतो. पाय लुळे पडायला ट्यूमर कमरेतच असावा लागतो असं नाही, मानेपासून खाली कुठंही असला तरी पायाच्या वायरी तिथूनच जातात ना. या मुलाला मी टेबलावर झोपवून हातोडी मारली तर दोन्ही गुडघे जोरात उडाले, तळव्यावर किल्ली ओढली तर अंगठा खाली जायचा तो वर गेला, पोटावर काडी ओढली तर बेंबीची हालचालच नाही, म्हणजे दोष मज्जारज्जूत, आणि ट्यूनिंग फोर्कचा गार दांडा पायापासून वर नेत गेलो तर स्तनाग्रांच्या रेषेपाशी येऊन म्हणाला, आता गार लागलं. स्तनाग्रांची रेषा म्हणजे डी-४, छातीमागच्या मज्जारज्जूचा चौथा भाग, बेंबी म्हणजे डी-१०, दहावा. पत्ता मुलानंच सांगितला, पाच मिनिटांत, बिनखर्चाचा. पूर्ण पाठीचा एमआरआय केला, गोळा डी-३ ते डी-६.

सेंटरवाल्यानं मागितला तो एमआरआय दिला, त्याची चूक नाही. मागणाऱ्यानं मुलाचा शर्ट काढला नव्हता. हल्ली रेसिडेंट लोकांना आधी स्कॅन हवा असतो, हातोडी बॅगेत राहते, आणि मला हे अजिबात पटत नाही. माझी सवय सांगतो. मूल आत आलं की आधी कॉरिडॉरमधे चालायला लावतो, मग टाचांवर, मग एका पायावर लंगडी. शर्ट काढून पुढं वाकवतो आणि पाठीची रेघ बघतो. मग आईला तीन प्रश्न: रात्री दुखण्यानं उठतो का, शी-सूचं काही बदललं का, आधी यायचं असं काही आता येत नाही का. वाढीच्या दुखण्याबद्दलही एक लक्षात ठेवा, ते पायात होतं, पोटऱ्या-मांड्या दोन्हीकडच्या, सकाळी मूल ठणठणीत असतं. पाठीत, मानेत, एकाच जागी रोज रात्री दुखतंय तर त्याला वाढीचं दुखणं म्हणू नका.

एमआरआय मागताना पूर्ण पाठीचा, कॉन्ट्रास्टसकट, म्हणजे गोळा उठून दिसावा म्हणून शिरेतून औषध देऊन. नुसती सिरिंक्स, म्हणजे मज्जारज्जूत पाण्याची पोकळी, असा रिपोर्ट आला तरी कॉन्ट्रास्ट देऊन बघा, त्या पोकळीच्या टोकाला छोटा गोळा लपलेला असू शकतो. ट्यूमर दिसला की मेंदूचाही करून घ्या.

पाठीला बाक आलाय आणि दुखतोय, तर बेल्ट देण्याआधी एमआरआय. मान एका बाजूला वाकडी झाली आणि दोन-तीन आठवड्यांत सरळ होत नाही, तरी तेच. पाच वर्षांचं कोरडं झोपणारं मूल परत अंथरूण ओलं करायला लागलं तर आधी त्याचे पाय तपासा, रागावू नका.

पाय अचानक गेले की सगळे जीबीएस (गियाँ-बारे, नसांना सूज येऊन लुळेपणा येणारा आजार) म्हणतात आणि पाठीतलं पाणी काढायला सुई काढतात. थांबा. जीबीएसमधे रिफ्लेक्स जातात, अमुक रेषेखाली बधीर अशी रेषा नसते, आणि लघवी सहसा सुरुवातीलाच अडत नाही. रेषा सापडली किंवा लघवी तुंबली तर आधी एमआरआय, कारण वर गोळ्यानं रस्ता बंद असेल तर खालून पाणी काढल्यावर उरलेली ताकदही जाऊ शकते.

दुसरी चूक आपल्याकडची खास. मणक्यात काही दिसलं की टीबी, आणि सुरू करा एकेटी, म्हणजे टीबीची औषधं. टीबी आपल्याकडे भरपूर आहे हे मान्य, पण म्हणून तपासणीला तुकडा न घेता (बायोप्सी न करता) औषध? एक मुलगी चार महिने एकेटी घेऊन आली होती, पहिल्या रिपोर्टमधे इन्फेक्शन असू शकतं एवढंच लिहिलं होतं, त्या असू शकतंचं घरी येईपर्यंत आहे झालं. वजन उतरलेलं, पाय गेलेले. बायोप्सीत निघाला युइंग सार्कोमा, हाडाचा कॅन्सर. ते चार महिने तिला कुणी परत देऊ शकलं नाही आणि मला आजही ती फाईल आठवते. माझा नियम: तुकडा घ्यायचा आणि दोन भाग करायचे, एक फॉर्मलीनमधे पॅथॉलॉजीला, दुसरा साध्या सलाईनमधे कल्चर आणि जीन एक्सपर्ट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्यांना. सगळाच फॉर्मलीनमधे बुडवला की कल्चर गेलं, आणि ही घाई ओटीत मी अजूनही पकडतो. स्टेरॉइडचंही तसंच, पाय जात असतील तर द्यावंच लागतं, पण लिम्फोमाची (लसीका पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर स्टेरॉइडनं गाठ वितळून बायोप्सीत काहीच कळत नाही, म्हणून आधी ऑन्कॉलॉजिस्टला फोन करा. तान्ह्या आणि वर्ष-दीड वर्षाच्या बाळांमधे न्यूरोब्लास्टोमा हा नसांच्या कोवळ्या पेशींचा कॅन्सर पोटातून किंवा छातीतून मणक्याच्या फटीतून आत शिरतो, तिथं पुष्कळदा केमोनंच दाब उतरतो, सुरी लागतही नाही.

ऑपरेशनबद्दल तरुण सर्जन मंडळींसाठी. न्यूयॉर्कला फ्रेड एपस्टाईन या मुलांच्या न्यूरोसर्जननी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की मुलांच्या मज्जारज्जूच्या आतले गोळेसुद्धा मोठ्या प्रमाणात काढता येतात, त्याआधी बहुतेक जण तुकडा घेऊन रेडिएशनला पाठवायचे. पण त्याचा अर्थ शेवटचा कण खरवडून काढा असा नाही. मुलांमधे आतला गोळा बहुतेकदा अॅस्ट्रोसायटोमा असतो, म्हणजे मज्जारज्जूतल्या आधार पेशींचा, बराचसा हळू वाढणारा, आणि त्याला स्वच्छ कडा असेलच असं नाही. मॉनिटरिंगशिवाय, म्हणजे ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतले विजेचे संदेश तपासत राहिल्याशिवाय, हात लावू नका. भूलवाल्यांशी आदल्या दिवशी बोला, गॅस आणि स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर एमईपी, म्हणजे हातापायांच्या स्नायूंत पोचणारे संदेश, दिसणारच नाही. डी-वेव्ह, म्हणजे थेट मज्जारज्जूवर टिपलेली संदेशाची लाट, निम्म्यावर उतरायला लागली की मी हात बाहेर काढतो, कोमट सलाईन घालतो, बीपी वाढवायला सांगतो आणि घड्याळ बघत वाट पाहतो. त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या वेळी माझा रेसिडेंट म्हणाला, सर, थोडंच राहिलंय. राहू दे म्हटलं. एमईपी गेले होते, डी-वेव्ह टिकली होती. मुलगा उठला तेव्हा पाय जवळजवळ हलत नव्हते, आईवडिलांना आधीच सांगून ठेवलेलं की असं होऊ शकतं, काही आठवड्यांनी ताकद परत आली. आज चालतो, डाव्या पायाला स्प्लिंट आहे. तो स्प्लिंट त्या वाया गेलेल्या महिन्यांचा आहे असं मी मानतो, कारण ऑपरेशनच्या आधी मूल कसं चालतंय त्यावरच नंतरचं चालणं सगळ्यात जास्त अवलंबून असतं.

उरलेल्या तुकड्यासाठी लगेच रेडिएशन नको, वाढत्या मणक्याची वाढ खुंटते आणि पुढं दुसऱ्या कॅन्सरचा धोका राहतो. हळू वाढणारा असेल तर एमआरआयवर नजर ठेवता येते, वाढला तर परत ऑपरेशन किंवा कार्बोप्लाटिन-विन्क्रिस्टिनची केमो आहे. पॅथॉलॉजीत नुसतं ग्लायोमा लिहून आलं तर समाधान मानू नका, बीआरएएफ आणि एच-३ के-२७ हे जनुकांमधले बदल आहेत का ते विचारा, दुसरा निघाला तर गोष्ट पूर्ण वेगळी आणि गंभीर असते.

एक माझी स्वतःची चूक. सुरुवातीच्या वर्षांत मी मणक्याची मागची हाडं काढून तशीच सोडायचो आणि फॉलोअपला फक्त एमआरआय बघायचो. एक मुलगी दोन वर्षांनी आली, ट्यूमर नव्हता पण पाठ पुढं वाकलेली, मोठं ऑपरेशन करून रॉड घालावे लागले. तेव्हापासून हाडं परत बसवतो, तरीही बाक येऊ शकतो, म्हणून उंची वाढायची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी उभं करून एक्सरे.

आणि लघवी. पाय सुधारले की सगळे खूश होतात, मूत्राशय कुणी बघत नाही. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत किती उरली ते बघा. जास्त उरत असेल तर दिवसातून ठरल्या वेळी नळी घालून रिकामं करायला आईला शिकवावं लागतं, नाहीतर हळूहळू किडनी जाते आणि तोंडावर सूज येईपर्यंत कळत नाही. आईला पहिल्या दिवशी भीती वाटते, रडतेसुद्धा, म्हणून आमची सिस्टर तिच्या शेजारी बसून स्वतःच्या हातानं दाखवते, दुसऱ्या दिवशी आई करते आणि सिस्टर बघते, ती एकटीनं करायला लागल्याशिवाय मी डिस्चार्ज देत नाही.