वाड्यातील सोनेरी नक्षीची डागडुजी करताना
नाशिकच्या जुन्या वाड्यात देवघराच्या महिरपीवर सोन्याचा वर्ख असेल, तर तो ओल्या फडक्याने मुळीच पुसू नये, कारण खडू-सरसाच्या अस्तरावर पाण्याने बसवलेला वर्ख ओल लागताच अस्तरासकट सुटतो. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे असते. उडालेल्या जागी बाजारातील सोनेरी रंग लावणे तर शुद्ध अविचार, कारण त्यातील पितळेची पूड कालांतराने काळवंडते. वर्ख चिकटवण्यासाठी लावतात त्या तेलाच्या लेपावर नवा वर्ख लावायचा असल्यास, बोटाचे पेर टेकवले असता किंचित ओढ जाणवावी, पण बोटाला तेल लागू नये, इतका लेप सुकू द्यावा. गोदाकाठच्या दमट पावसाळ्यात लेपाचे सुकणे रेंगाळते, म्हणून काम दसऱ्यानंतरच काढावे.