जुना गेम दृष्टिहीनांना कानांनी खेळता यावा म्हणून त्याला आवाज कसा द्यावा

एम्युलेटर (जुनं गेमयंत्र संगणकावर चालवणारा प्रोग्राम), ल्युआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्क्रिप्टची तोंडओळख आणि वायरचे हेडफोन हाताशी आहेत असं धरून चालतो. वायरचे म्हणजे वायरचेच. ब्लूटूथवर आवाज सहज शंभर-दीडशे मिलिसेकंद मागे पडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. उदाहरणाला १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घेऊ. त्यात खड्डे आहेत, आणि खरी परीक्षा खड्ड्यांचीच असते.

‘स्क्रीनवरचं चित्र ओळखणारा प्रोग्राम लिहा’ असा सल्ला मिळेल. सोडून द्या. गेमला जे ठाऊक असतं ते सगळं रॅममध्ये, म्हणजे यंत्राच्या चालू स्मृतीत, असतं, आणि निन्टेंडोच्या त्या यंत्राची रॅम जेमतेम २ किलोबाइट. एफसीईयूएक्स या एम्युलेटरमधल्या रॅम सर्चने हवा तो बाइट सापडतो. मारिओ आडव्या दिशेने कुठे आहे ते ००८६ या पत्त्यावर (पत्ते हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीतले), कितव्या पानावर, म्हणजे स्क्रीनभर रुंदीच्या कितव्या तुकड्यात, आहे ते ००६डी वर, वेग ००५७ वर. भोवतालच्या विटा-जमिनीचा नकाशा ०५०० ते ०६९एफ: दोन पानं, प्रत्येकात १३ ओळी आणि १६ रकाने. पानाच्या शेवटच्या ओळीत शून्य आलं, की तिथे जमीन नाही.

स्क्रिप्ट हे आकडे वाचते आणि आवाज काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामला देते. इथवर काम सोपं.

आता अवघड भाग: कुठला आवाज, आणि कधी. मी सगळ्यात जास्त अडलो ते ‘कधी’पाशी. खड्ड्याच्या कडेला बीप वाजवणं निरुपयोगी आहे. पूर्ण वेगात ००५७ वर ४० असतो, म्हणजे फ्रेमला (स्क्रीनवर सेकंदाला साधारण साठ चित्रं येतात, त्यातलं एक) अडीच पिक्सेल. १६ पिक्सेलचा एक रकाना सहा-सात फ्रेममध्ये, साधारण दशांश सेकंदात संपतो. तेवढ्यात ऐकून बोट हलवणं कुणालाच जमत नाही, डोळस माणसालाही नाही. तो आधीपासून पाहत असतो म्हणून वाचतो. ‘तीन रकाने आधी वाजवा’ हेही चुकीचं, कारण चालताना तो इशारा फार लवकर येतो. अंतराला वेगाने भागा. कडेला पोचायला किती फ्रेम उरल्या ते दर फ्रेमला काढा आणि इशारा त्या आकड्यावर बांधा.

इशाराही एकच नको. एकटा बीप दचकवतो. मी तीन टिकटिक देतो: २४ फ्रेम उरल्यावर पहिली, १२ उरल्यावर दुसरी, तिसरी उडीच्या क्षणी. दोन ऐकल्या की तिसरी कधी येणार हे हाताला आपोआप कळतं, त्यामुळे प्रतिक्रियेला लागणारा वेळ मधून निघूनच जातो. ‘उडीचा क्षण’ मी कडेच्या आठ पिक्सेल अलीकडे धरतो आणि उरलेल्या फ्रेमही तिथपर्यंतच मोजतो; खेळणारा किंचित उशीर करतोच. मारिओ उभा असेल तर वेग शून्य, भागाकार होत नाही, टिकटिकही नाही. तेव्हा खड्डा दोन रकान्यांच्या आत असेल तर खालच्या सुरात मंद गुणगुण चालू ठेवा, नाहीतर माणूस थांबतो, शांतता ऐकतो आणि निर्धास्त पुढे पाऊल टाकतो.

शत्रूंचं सोपं आहे. फक्त जवळच्या एकालाच आवाज द्या. डावं-उजवं हेडफोनच्या बाजूने, वर-खाली सुराच्या उंचीने, आणि दोन्ही मारिओपासून मोजून. स्क्रीनच्या मध्यापासून नव्हे. त्रिमितीय ध्वनी वापरण्याचा मोह होईल. सपाट गेमला त्याची गरज नाही. त्यात पुढचं-मागचं गोंधळतं, आणि वर-खाली ओळखणं ज्याच्या-त्याच्या बाहेरच्या कानाच्या आकारावर अवलंबून असतं. नाण्यांना आवाज देऊ नका. ज्यावर पुढचा निर्णय अवलंबून नाही, ते वाजलं की गोंगाट.

बोलका आवाज धावत्या खेळात आणू नका. ‘खड्डा’ म्हणेपर्यंत मारिओ आत गेलेला असतो. मेनू, गुण आणि उरलेले जीव एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरकडे (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे) पाठवा, तेही गेम थांबलेला असताना.

मूळ आवाज मात्र जपा. संगीत कमी करायचं म्हणून सगळ्या वाहिन्या, म्हणजे यंत्राचे आवाज काढणारे वेगवेगळे भाग, बंद करणारे पाहिले आहेत. या गेममध्ये उडीचा आणि नाण्याचा आवाज संगीताच्याच पल्स वाहिन्यांवर येतो, त्या घालवल्या की उडी बसली का तेच कळत नाही. ट्रँगल वाहिनीवर फक्त संगीत आहे. ती खुशाल बंद करा.

चाचणी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः करू नका. तुम्हाला पातळी पाठ असते. खरा दृष्टिहीन खेळाडू बसवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या आणि मध्ये बोलू नका. मारिओ मेला की एकच प्रश्न: कशाने मेला? ‘उशिरा उडी मारली’ असं उत्तर आलं तर तो सरावाचा प्रश्न, तुमच्या टिकटिकला हात लावू नका. ‘कळलंच नाही’ असं आलं, तर ती जागा नोंदवा आणि त्या क्षणी रॅममधला कुठला बाइट तुम्ही ऐकवला नाही ते शोधा.