कादंबरीचा खर्डा तिसऱ्या प्रकरणातच अडकतो? या चुका टाळा

कादंबरी लिहायला घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिली तीन प्रकरणं तयार असतात. चांगलीही असतात, कारण पुन्हा पुन्हा घासूनपुसून झालेली असतात. चौथ्याचा मात्र पत्ता नसतो. मग माणूस ‘आपल्यात शिस्तच नाही’ असं म्हणत नामवंत लेखकांच्या दिनचर्या शोधू लागतो. माझ्या मते शिस्तीचा दोष क्वचितच असतो. पद्धत दुसऱ्याची असते आणि आपण तिच्यात स्वतःला कोंबत असतो.

उसनं वेळापत्रक

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं. टपाल खात्यात नोकरी, पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ आणि दर पाव तासाला 250 शब्द. 1883 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या आत्मचरित्रात हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय. लोक घड्याळ उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. त्याला पहाटे उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक नोकर होता, त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळायचे. ज्या घरात साडेपाचला पाणी येतं आणि सातच्या आत डबे भरावे लागतात, तिथे हे वेळापत्रक कुणाच्या जिवावर चालणार? त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. रोजचा पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात घालवायचा.

‘नोव्हेंबरात 50,000 शब्द’ हे 1999 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं आव्हानही असंच. रोजचे सुमारे 1,667 शब्द होतात. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो. म्हणजे तोच आकडा गाठायला आपल्याला जास्त लिहावं लागतं. शिवाय नोव्हेंबरात बऱ्याचदा दिवाळी येते, ते वेगळंच.

त्यापेक्षा महिनाभर एक साधी नोंद ठेवा: कुठे बसलात, किती वाजता, हाताने लिहिलं की टाइप केलं, आणि कुठे व का थांबलात. शब्द मोजायचे तर लगेच मोजू नका, आठवड्याने त्यातले किती टिकले ते मोजा. एखाद्याची रविवारची निवांत बैठक भरपूर पानं देते आणि ती सगळी खोडली जातात. लोकलमध्ये मोबाईलवर खरडलेल्या चार ओळी मात्र जशाच्या तशा राहतात. त्याची पद्धत लोकलमध्ये आहे, मग अभ्यासिकेची फी भरायची कशाला?

काहींचं बोलून जास्त चांगलं होतं. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीने 1866 मध्ये प्रकाशकाच्या जाचक कराराच्या धाकाने एक अख्खी छोटी कादंबरी 26 दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली. आता फोनला मराठी बोललेलं बऱ्यापैकी कळतं. फक्त विरामचिन्हं आणि बोलीतले उच्चार नंतर हाताने घालावे लागतात.

आराखड्यात घटना, पण पेच नाही

आधी आराखडा की वाट फुटेल तसं लिहायचं, यावर लोक हिरीरीने भांडतात. तसं भांडण्यासारखं त्यात काही नाही. आराखडा पुरा झाल्यावर लिहायची इच्छाच मेली, तर पुढच्या वेळी तो अर्ध्यावर थांबवा. तीन वेगवेगळ्या सुरुवाती लिहून फेकल्या असतील, तर तुम्हाला आराखडा हवाय. खरी चूक आराखड्याच्या आत असते. समजा, वहीत असं आहे:

‘प्रकरण 4: सुमन तलाठ्याकडे जाते. सातबाऱ्यावर आपलं नाव नाही हे तिला कळतं. ती चिडते.’

लिहायला बसलात की दोन पानांत ती चिडून मोकळी होते. पुढे काय? काहीच नाही, कारण टिपणात पेचच नव्हता. आता हे बघा:

‘वडील गेले त्या वर्षी सुमन भाऊबीजेला आली होती. दुसऱ्या दिवशी भावाने तिला निबंधक कार्यालयात नेलं. “वारसाचे कागद आहेत, सही कर,” म्हणाला. तिने न वाचता केली. ते हक्कसोडपत्र होतं. आता मुलाच्या फीसाठी तिला हिस्सा हवाय. तलाठी फेरफार दाखवतो, सही तिचीच. बाहेर भाऊ मोटारसायकलवर थांबलाय, कारण स्टँडवरून तिला आणणारा तोच.’

आता ती बाहेर येऊन गाडीवर बसते की नाही, हे तुम्हालाच बघायचंय. पाचवं प्रकरण तिथूनच निघतं. टिपणाची लांबी महत्त्वाची नाही. प्रकरणाच्या शेवटी कुणाला तरी काहीतरी ठरवावं लागतंय का, एवढं तपासा. नसेल तर ते प्रकरण लिहायला घेऊ नका.

मागे वळून दुरुस्ती

हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होत्या. छापून गेलेल्या अंकात मागे जाऊन आत्याचं नाव बदलायची सोय नव्हती. ही सक्ती आपणच स्वतःवर लादून घ्यावी. सहाव्या प्रकरणात आत्याला विधवा करायचं ठरलं, तर तिथून पुढे ती विधवाच. मागच्या दुरुस्तीची एक ओळ वेगळ्या कागदावर लिहायची आणि दुसरं प्रकरण उघडायचंच नाही. खर्डा संपेपर्यंत या कागदावरच्या निम्म्या दुरुस्त्या आपोआप बाद होतात, कारण आत्याच कादंबरीतून गेलेली असते!

खंडानंतर आवाज हरवणं

दिवाळी अंकांसाठी कथा लिहिणाऱ्यांना हे जास्त जड जातं. कथा दोन-चार बैठकांत होते, तेवढा वेळ सूर धरता येतो. कादंबरीत गणपती येतात, लग्नं येतात, मुलांच्या परीक्षा येतात. परत बसलो की ‘आमी गेलतो’ म्हणणारा म्हातारा ‘आम्ही गेलो होतो’ म्हणायला लागतो. लिहिणाऱ्याला ते ऐकू येत नाही, वाचणाऱ्याला लगेच येतं. प्रत्येक मुख्य पात्राची पाच-सहा अस्सल वाक्यं एका कागदावर काढून ठेवा आणि बसताना मोठ्याने वाचा. दुसरा उपाय अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेचा: पुढे काय होणार हे माहीत असतानाच त्या दिवसापुरतं थांबायचं. विहीर रिकामी करून उठलात तर दुसऱ्या दिवशी पोहरा कोरडाच वर येतो. याच्या जोडीला शेवटच्या पानावर पुढच्या प्रसंगाच्या दोन ओळी लिहून उठा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन

कथानक मित्रांना रंगवून सांगू नका. दाद आधीच मिळाली की लिहायची खुमखुमी ओसरते. सगळ्यांचं असं होत नाही, पण तुमचं होतं का ते एकदा पाहा.

आणि टाइप करत असाल तर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा संगणकावर नीट वाचता येईल अशा पद्धतीत करा. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, मग तीनशे पानांचं शुद्धलेखन पुन्हा तपासत बसावं लागतं. हाताने लिहीत असाल तर फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहा, प्रत्येक पानावर प्रकरणाचा आकडा टाका आणि उठण्याआधी त्या दिवसाच्या पानांचे फोटो काढून स्वतःलाच मेल करा.